वाळवंटातलं बर्फाचं काउंटर

ट्रॅव्हल एजन्सीत बसणाऱ्या बाईचा स्वतःचा प्रवास घर ते ऑफिस एवढाच. पण जग फिरून आलेला प्रत्येक जण परतल्यावर आमच्याच काउंटरवर येऊन टेकणार, एक ग्लास पाणी पिणार आणि सांगायला लागणार! त्यामुळे किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. कपाटावर धूळ साठते तसे ते साठत जातात. कधीतरी हात फिरवला की कळतं, अरे, केवढा थर!

मी लग्न होऊन दुबईत अल कुसैसला आले आणि वर्षभरात बर दुबईतल्या एका छोट्या एजन्सीत तिकिटं करायला लागले. मालक लालवाणी शेठ. मूळचे उल्हासनगरचे, त्यामुळे मराठी फर्डं. नव्वद सालानंतर कधीतरी शेठच्या डोक्यात आलं की गल्फमधल्या लोकांना आपण बर्फ विकायचा. स्कीइंगची पॅकेजेस! विमान, हॉटेल, व्हिसा सगळं आमच्याकडून. फक्त लिफ्टचं तिकीट वेगळं. डोंगरावर वर नेणारी जी खुर्ची असते ना, तिचं.

बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि आत मी विचारतेय, "सर, बर्फ कुठला हवा? इराणचा, लेबनॉनचा की स्वित्झर्लंडचा?"

* * *

सुरुवातीला शेठनी दुकानाच्या काचेवर एक भलंमोठं पोस्टर लावलं. पांढराशुभ्र डोंगर, निळं आकाश, माणूस एकही नाही. पॅकेज घ्यायला आठवडाभर कुणी फिरकलं नाही, पण पोस्टर बघायला गर्दी! शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी साइटवर काम करणारी आपली कोकणातली मुलं आमच्या दुकानाजवळच्या मीना बाजारात यायची आणि काचेसमोर उभी राहायची. देवळात उभं राहावं तशी.

त्यातला एक संगमेश्वरचा दिनेश. त्याने पोस्टरसमोर उभं राहून मित्राकडून फोटो काढून घेतला आणि गावाला पाठवून दिला.

दोन महिन्यांनी दिनेश आत आला. भर जुलैत अंगात लोकरीचा जाडजूड स्वेटर! घामाने निथळत होता.

मी म्हटलं, "अरे, बरा आहेस ना?"

"आईने पाठवलाय, वहिनी. गावचा एक जण येत होता, त्याच्याबरोबर. त्याला म्हणाली, एवढ्या बर्फात पोरगं अर्ध्या बाह्यांच्या शर्टात उभं आहे, दुबईवाल्यांना काही आहे की नाही!"

"मग तू खरं सांगितलंस का तिला?"

"सांगणार होतो," तो म्हणाला, "पण तिने सगळ्या वाडीला दाखवलाय फोटो. म्हटलं, आता एक स्वेटरमधला पण काढूया!"

* * *

आमच्याकडून पहिलं फॅमिली पॅकेज घेतलं ते सावंतांनी. एका कंपनीत स्टोअरकीपर होते, मूळचे कुडाळचे. दोन्ही मुलींनी टीव्हीवर बर्फ बघून घर डोक्यावर घेतलं होतं. लेबनॉन ठरलं. सगळं ठीक चाललं होतं, तेवढ्यात मी म्हटलं, "लिफ्ट तिकीट एक्स्ट्रा हां. माणशी सत्तर दिरहॅम."

सावंतांनी पेन खाली ठेवलं. "सत्तर दिरहॅम? म्हणजे साडेसहाशे रुपये! लिफ्टला? आमच्या बिल्डिंगची लिफ्ट फुकट आहे, मॅडम. अकरा मजले!"

"सर, हा डोंगर आहे."

"डोंगर असेल तर चढतात! लिफ्टने कसले जाता?"

बायकोचं आणि मुलींचं तिकीट त्यांनी काढलं. स्वतःचं नाही म्हणजे नाही.

आणि हा माणूस खरंच चढला! गुडघाभर बर्फातून, भाड्याचे जड बूट घालून. डोक्यावरून खुर्च्या चालल्या आहेत, खुर्चीत मुली. दर खेपेला वरून ओरडतायत, "Come on, Baba! You can do it!" सकाळी निघाले ते दुपारी जेवणाच्या वेळेला वर पोचले. पोचले आणि जे बसले ते उठेचनात. पाय गेले होते. शेवटी लिफ्टवाल्यानेच त्यांना उचलून खुर्चीत बसवलं आणि खाली पाठवलं. तिकीट कुणी विचारलंसुद्धा नाही.

परत आल्यावर ऑफिसात येऊन विजयी मुद्रेने म्हणाले, "मॅडम, तिकीट फक्त चढायला असतं. उतरायला फुकट!"

आम्ही सगळे हसलो. सावंत मात्र हसता हसता थांबले. जरा पुढे वाकले आणि हळूच म्हणाले, "पण खरं सांगू? वर पोचलो आणि मागे वळून बघितलं. सगळं पांढरं, आणि पार खाली समुद्र. अशा वेळी माणसाच्या तोंडात देवाचं नाव यायला हवं ना?"

"मग?"

"शिवी आली हो, मॅडम! एवढी मोठी मालवणी शिवी आली!"

* * *

मिलिंद आणि अनुजा हे शारजाचं नवं जोडपं. लग्न नुकतंच झालेलं. हनिमूनला बर्फच हवा, पण बजेट बेताचं. तेव्हा लिफ्टचं तिकीट सगळ्यात स्वस्त होतं ते इराणमध्ये. लेबनॉनमध्ये जेवायला जेवढे लागतील तेवढ्यात तिकडे दिवसभर वरखाली करा! शेठनी छाती ठोकून सांगितलं, "डोळे मिटून जा!"

तिथे पोचल्यावर कळलं की बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी. लिफ्टसुद्धा वेगळी आणि उताराची बाजूसुद्धा वेगळी! आम्हाला आलेल्या फॅक्समध्ये यातलं काहीच नव्हतं.

हनिमूनचे पाचही दिवस सकाळ झाली की नवरा डावीकडे, बायको उजवीकडे. संध्याकाळी हॉटेलात भेट.

ते परतले त्या दिवशी शेठ सकाळपासून हात जोडायच्या तयारीत बसले होते. दार उघडलं. मिलिंद लंगडत आत आला. चेहरा असा की आता तो टेबल उलटं करणार. त्याच्या मागून अनुजा. नाकाचा शेंडा उन्हाने भाजलेला आणि डोळे लखलखत होते.

"शेठ," मिलिंदने सुरुवात केली, "तुम्ही आम्हाला..."

"थांब रे, मी सांगते!" अनुजा मध्येच म्हणाली. "स्मिताताई, तिथल्या बायका! डोक्याला स्कार्फ, डोळ्यांवर काळे गॉगल आणि वरून अशा सुटतात ना, घार उतरते तशा! माझी भाषा त्यांना येत नव्हती, त्यांची मला. एक बाई होती, माझ्या मावशीच्या वयाची. तिने माझे दोन्ही हात धरले आणि स्वतः उलटी घसरत मला खाली घेऊन गेली. चौथ्या दिवशी तिने हात सोडले. मला कळलंच नाही! बघते तर ती लांब मागे उभी राहून टाळ्या वाजवतेय आणि मी एकटीच चालले आहे... चालले कसली, तरंगले हो मी!"

शेठना जरा धीर आला. "मग पुढच्या वर्षी युरोपचं बघायचं का? तिकडे नवराबायको एकत्र..."

"नको, नको, पुढच्या वर्षी पण इराणच," अनुजा म्हणाली. "मिलिंद, तू तुझ्या बाजूला पडत राहा."

* * *

आता माझं. एकदा टुरिस्ट ऑफिसतर्फे एजंट लोकांना फुकट लेबनॉन दाखवायला नेलं. शेठ म्हणाले, "स्मिता, तू जा. निदान काय विकतेस ते तरी बघून ये."

तोपर्यंत मी शेकडो लोकांना लिफ्टची माहिती दिली होती. ब्रोशर तोंडपाठ. पण ती खुर्ची थांबतच नाही हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! ती मागून येते, गुडघ्यांच्या मागे दणका देते आणि आपण बसतो. बसतो म्हणजे पडतो. पुढच्या क्षणी पायाखाली काही नाही.

मी डोळे गच्च मिटले होते. शेजारी एक लेबनीज म्हातारे गृहस्थ होते. ते म्हणाले, "हबीबती, पोरी, डोळे उघड. पैसे डोळे उघडण्याचेच घेतात."

उघडले. झाडं खाली गेली होती. आणि आवाज नव्हता. कसलाच नाही! आधी वाटलं, माझ्या कानांना दडे बसले. मग लक्षात आलं, दुबईत पाय ठेवल्यापासून एसीची घरघर माझ्या कानात होती. घरात, ऑफिसात, टॅक्सीत, झोपेतसुद्धा. ती पहिल्यांदाच बंद झाली होती.

परत आल्यावर शेठनी विचारलं, "कसा होता माल?"

मी म्हटलं, "शेठ, तिकीट जरा वाढवलं तरी चालेल."

* * *

आणि ते वाढतच गेलं! दर थंडीत नव्या भावांचा फॅक्स यायचा आणि शेठ तो मोठ्याने वाचायचे. "डोंगर तोच, खुर्ची तीच, दोरी तीच. मग वाढलं काय?"

त्यावर नेने म्हणायचे, "आपली हौस वाढली, शेठ."

नेने बँकेत होते. दर थंडीत यायचे, सगळी ब्रोशर्स पसरायचे. कुठल्या डोंगराची उंची किती, बर्फ कुठे जास्त टिकतो, लिफ्ट किती, सगळं त्यांना पाठ. इराण स्वस्त, पण व्हिसाला वेळ लागतो. लेबनॉन बरं, पण बर्फाचा भरवसा नाही. स्वित्झर्लंड उत्तम, पण लिफ्टचं तिकीट रुपयांत सांगितलं की नेन्यांना खोकला यायचा. ठरेठरेपर्यंत मार्च यायचा आणि बर्फ वितळायचा.

त्यांची मुलगी सायली पहिल्यांदा आली तेव्हा काउंटरच्या वर तिचं डोकं दिसत नव्हतं. मग दिसायला लागलं. मग ती काउंटरवर कोपर टेकून म्हणायला लागली, "Baba, just pick one! I'll be in college by then."

आणि खरंच ती कॉलेजला पुण्याला गेली. नेने थंडीत एकटेच यायला लागले. ब्रोशर्स पसरायचे, पण हिशोब करायचे नाहीत. नुसते बघायचे.

दोन हजार पाच सालानंतर दुबईतच, एका मॉलमध्ये बर्फाचा डोंगर उभा राहिला. खरा बर्फ, वर जाणारी खुर्चीची लिफ्ट, सगळं छपराखाली! सायली सुट्टीत आली तेव्हा दोघं तिकडे निघाले. नेने मला म्हणाले, "स्मिताताई, तुम्ही पण चला. एवढी वर्षं तुमचं डोकं खाल्लंय."

खिडकीशी पोचलो तर पाटी बदललेली. तिकीट वाढलं होतं! सायलीने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत सरळ दिसत होतं, आता हे परत फिरणार. नेने पाटीपुढे उभे राहिले. ओठ हलत होते. रुपयांत करत असणार.

मग त्यांनी पाकीट काढलं. "तीन द्या. यल्ला, चला!"

भाड्याचं निळं जॅकेट घालून आम्ही आत गेलो. नेने दारातच थांबले. डोंगराकडे बघेचनात. स्वतःच्या तोंडासमोर बघत होते.

"सायली, हे बघ! धूर!"

"It's your breath, Baba."

"माहीत आहे गं," नेने म्हणाले, आणि पुन्हा एक मोठा श्वास सोडला. "पण अजून कधी दिसला नव्हता."

* * *

हा किस्सा त्याच्या बराच आधीचा. मॉलमधला डोंगर कुणाच्या स्वप्नातही नव्हता तेव्हाचा.

खल्फानबाबा इथले, अमिराती. देरा बाजूला मासळीचा धंदा, दोन बोटी. साठीचे असतील. जुन्या लोकांना येतं तसं हिंदी त्यांना छान यायचं. एकदा आले आणि म्हणाले, "बेटी, मेरी माँ को बर्फ देखना है."

मी म्हटलं, "दोघांची तिकिटं करू का?"

"नहीं. माँ बहुत बूढ़ी है, हवाई जहाज में नहीं बैठेगी. मैं लाएगा."

मला वाटलं, चेष्टा. पण ते लेबनॉनला निघाले तेव्हा हातात मासे ठेवायची पेटी होती. चांगली जाड, आतून थर्माकोल लावलेली. मासळीवाल्याला बर्फ कसा टिकवायचा हे सांगावं लागत नाही!

परतायच्या दिवशी शेठनी मला एअरपोर्टवर पाठवलं. म्हणाले, "पेटीवरून काही लफडं झालं तर सांभाळ." आणि झालंच! कस्टमवाल्याने पेटी उघडायला लावली. तरुण पोरगा होता. आत बघून त्याने विचारलं, "हे काय?"

"बर्फ. डोंगरावरचा."

पोरग्याने त्यांच्याकडे बघितलं, पेटीकडे बघितलं आणि एक बोट घातलं. झटकन काढलं. मग पूर्ण हात घातला. मग त्याने शेजारच्याला हाक मारली. त्याने अजून दोघांना. बघता बघता सहा-सात युनिफॉर्मवाले पेटीभोवती, बाह्या वर करून! एक जण तर डोळे मिटून उभा होता. शेवटी खल्फानबाबाच ओरडले, "खलास! खलास! माझ्या आईला ठेवा थोडा!"

मी त्यांच्याबरोबर घरी गेले. राहवेना. अंगणात सावलीला आई बसली होती. एवढीशी, सुकलेल्या खारकेसारखी. मुलाने पेटी तिच्या पुढ्यात ठेवली आणि झाकण काढलं.

तिने दोन्ही हात आत घातले. एक मूठ उचलली, गालाला लावली. मग कानाशी नेली. तिच्या कोपरावरून पाण्याचा ओघळ खाली आला. तो तिने बघितला आणि चेहराच बदलला तिचा. घाईघाईने मूठ परत पेटीत ठेवली, स्वतःच्या हाताने झाकण लावलं आणि मुलाला काहीतरी बोलली. जोरात.

खल्फानबाबा खाली बघत उभे. मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"बोलती है, ये ज़िंदा है. इधर मर जाएगा. वापस छोड़ के आ."

दुसऱ्या दिवशी आमचं दुकान उघडलं आणि खल्फानबाबा पेटी घेऊन हजर! त्यांनी ती काउंटरवर ठेवली. आत पाणी हललं, ते मला ऐकू आलं.

"बैरूत," ते म्हणाले. "एक आदमी. और लिफ्ट का तिकीट भी."

शेठनी एकदा पेटीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाबा, लिफ्ट का दाम इसी हफ्ते बढ़ गया है. नीचे रास्ते के पास भी बर्फ होता है. वहीं डाल देना ना."

खल्फानबाबांनी मान हलवली आणि पैसे काढून पेटीशेजारी ठेवले.

"नहीं, सेठ. ऊपर से लिया था."