नादारीचा अर्ज आणि काळा कोट

कोर्टात जायचं तर कोट घालून, अशी आमच्या घरची पद्धत होती. आजोबा संस्थानच्या काळात न्यायखात्यात कारकून होते. आम्ही त्यांना अधिकारी म्हणत असू. त्यामुळे बाबा मोफत वकील मागायला निघाले तेही बंद गळ्याचा काळा कोट घालून, बडोद्याच्या एप्रिलमध्ये.

कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन त्यांनी बडोद्यातल्याच अकोटा भागात पेजरचं दुकान काढलं होतं. देश तेव्हा मोकळा होत होता आणि आपणही व्हावं असं बऱ्याच जणांना वाटत होतं. मग मोबाइल आले, आणि उरलेले पेजर आमच्या कपाटात राहायला आले. दुकानासाठी ज्यांनी पैसे दिले होते त्या गृहस्थांनी कोर्टातून हुकूमनामा मिळवला. पाठोपाठ नोटीस आली: तुम्हाला दिवाणी तुरुंगात का ठेवू नये, ते सांगा.

वाचायचा रस्ता एकच होता. आपण कर्ज फेडू शकत नाही, असं स्वतःहून कोर्टाला सांगणं. कायद्यात त्याला नादारी म्हणतात, सोसायटीत दिवाळं. पण तेही वकिलाशिवाय कसं सांगायचं? शेजारच्या मावशी म्हणाल्या, कोर्टाच्या आवारात गरिबांना फुकट वकील देणारी एक खोली आहे.

बाबा तासाभरात परत आले.

"काय म्हणाले?" आईने विचारलं.

"फार सज्जन माणसं. खुर्ची दिली, चहा दिला."

"आणि अर्ज?"

"तो राहिला."

उलगडा हळूहळू झाला. कारकुनाने कोट पाहून "आवो वकीलसाहेब, बेसो" म्हटलं, आणि बाबांना ते खोडून काढवेना. बाकावरच्या एका आजींनी तर त्यांना घरमालकाविरुद्ध सल्लाही विचारला.

"दिलात?"

"धीर धरा म्हटलं."

मी हसले. आई हसली नाही. "उद्या मी येते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो. कोटही आला. कारकून पुन्हा खुर्ची पुढे करू लागला, तेव्हा आईने शांतपणे गुजरातीत सांगितलं, हे वकील नाहीत, आम्हालाच वकील हवाय. बाबा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिले.

आमच्या वाट्याला आलेली वकील माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. बाबांनी भरलेला फॉर्म तिने पाहिला. 'उत्पन्न' या रकान्यात त्यांनी सुरेख अक्षरात लिहिलं होतं: पुरेसे.

"काका, पुरेसं असेल तर मी घरी जाऊ?"

"म्हणजे... चालतं आमचं."

"कसं चालतं?"

"मी दहावीच्या मुलांना गणित शिकवते," आई म्हणाली. "त्यावर चालतं."

हे आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं. पण घरात ते कुणी मोठ्याने म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. बाबांनी पेन उघडलं, पट्टी लावल्यासारखी सरळ रेघ मारून 'पुरेसे' खोडलं आणि खाली लिहिलं: पत्नीचे. मग पेनाचं टोपण लावायला त्यांना बराच वेळ लागला.

पुढे मालमत्तेची यादी होती. अंगावरचे कपडे, अंथरुणं, स्वयंपाकाची भांडी यांना कायदा हात लावत नाही, असं तिने समजावलं.

"कोट?" बाबांनी विचारलं.

"कोट तुमचाच, काका. फक्त तारखेला घालू नका. न्यायाधीश मला विचारतील, दोघांत वकील कोण?"

तारखेला बाबा साध्या शर्टात उभे राहिले. मला ते अचानक लहान दिसले. आमची वकील भराभर बोलली, आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत त्यांना अटक करू नये असा हुकूम पाच मिनिटांत झाला. बाहेर व्हरांड्यात आईने पिशवीतून घडी केलेला कोट काढला. "घाला आता," ती म्हणाली, आणि मागे उभं राहून तिने त्यांच्या खांद्यावरची सुरकुती हाताने सारखी केली.

जाता जाता त्या खोलीशी थांबलो, आभार मानायला. कारकून नवा होता.

"आवो वकीलसाहेब, बेसो."

"वकील नहीं, भाई," बाबा म्हणाले, "असील छुं." म्हणजे, अशील आहे.

चहा तरीही आला. या खेपेला तीन कप.