सगुणामावशींची वरची पट्टी

लग्नाला महिना झाला नव्हता, तोच आम्ही नगर सोडलं. सोबत एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि आईनं दिलेला चिवड्याचा डबा. यांना सोलापूरच्या एका चर्चमध्ये पाळक म्हणून नेमलं होतं. नगर स्टेशनावर आई मला सोडून यांनाच पुन्हा पुन्हा विचारत होती, "मंडळी केवढी आहे हो तिथं?" हे म्हणाले, "अकरा घरं." आईचा चेहरा असा पडला, जणू मला अकरा जावांच्या घरात दिलं होतं. माझे वडील, दादा, तेवढे म्हणाले, "देवाला डोकी मोजायची सवय नाही गं." गाडी हलली तेव्हा मी रडले. दौंडला गाडी बदलली तेव्हा पुन्हा रडले. कुर्डुवाडीला चहा चांगला मिळाला म्हणून थांबले.

नगरला राहणाऱ्या तुम्हा मंडळींना वेगळं सांगायला नको. आपलं चर्च म्हणजे बाकांच्या रांगाच रांगा, पायपेटी, पांढऱ्या साड्यांतलं गायक मंडळ आणि त्यात मिरवणारी मी. सोलापूरच्या भवानी पेठेतलं आमचं चर्च म्हणजे एक लांबट खोली, दोन सतरंज्या आणि शेजारच्या मागांची खटखट. रविवारीसुद्धा ते माग थांबत नसत, त्यामुळे प्रार्थना ठेक्यात होई.

तिथं नुसतं येऊन बसणारं कुणी नव्हतं. एकानं कुलूप उघडायचं, एकीनं झाडायचं, एकानं माठ भरायचा. गाणं उचलायचं काम सगुणामावशींचं. त्या विधवा होत्या, दिवसभर घरी सूत गुंडाळत. अक्षरओळख नव्हती, पण सगळी गीतं पाठ. मात्र सुरुवात इतक्या वरच्या पट्टीत, की दुसऱ्या ओळीला निम्मी मंडळी दमून खाली उतरायची. दानय्याकाका विणकर, ते मराठी चालीवर खुशाल तेलुगू शब्द म्हणायचे. पहिल्या रविवारी मी तोंडात पदर कोंबून हसले. नगरच्या गायक मंडळातली ना मी!

त्याच दुपारी सगुणामावशी आमच्या दारात आल्या. माझे सुजलेले डोळे पाहून म्हणाल्या, "आईची आठवण येती व्हय? येऊ द्या. तंवर आपण भाकरी थापू." कडक भाकरी आणि शेंगाचटणी त्यांनीच शिकवली. मग रोज दुपारी येऊ लागल्या. त्या अनोळखी गावात मला माझं म्हणावं असं तेवढंच माणूस होतं.

आमच्या साहेबांना मात्र स्वस्थ बसवेना. नाताळ जवळ आला तसं यांनी ठरवलं, आपणही गायक मंडळ काढायचं. पाच चांगले गळे निवडले, त्यात मी आलेच. मावशींना हे मोठ्या प्रेमानं म्हणाले, "मावशी, वर्षानुवर्षं तुम्ही गाताय. यंदा निवांत बसून ऐका." नाताळला आम्ही खरंच सुरेख गायलो. यांची कॉलर ताठ झाली.

जानेवारीत पाहते तो आम्ही पाचजण गातोय आणि बाकीचे मांडीवर हात ठेवून ऐकताहेत, जसं काही पाहुणे. मग एकेक जण गळू लागला. दानय्याकाका येईनासे झाले, माठ कोरडा राहू लागला. मावशी रविवारीही येईनात आणि दुपारीही. माझी दुपार अंगावर येऊ लागली. उरलेल्या चार-पाच घरांसाठी पाळक कशाला, असं वरून कुणी विचारील, याची मला धास्ती वाटू लागली. यांना वाटलं, प्रवचन कमी पडतंय, म्हणून यांनी ते आणखी लांबवलं! मी म्हटलं, "कृपा करा, आहेत तेवढे तरी राहू द्या."

शेवटी मीच मावशींच्या घरी गेले. त्या सूत गुंडाळत होत्या. मी विचारलं, "रागावलात का आमच्यावर?"

"राग कशाचा ओ बाई? लई ग्वाड गाता तुमी," त्या म्हणाल्या. "पण आदी मी न्हाई आले तर गाणंच सुरू हुईना. म्हणून कितीबी कंबर दुखू दे, पाय उचलायचे. आता मी न्हाई आले तर काय अडतंय, सांगा की."

मी तशीच उठले. घरी येऊन यांना शब्द न् शब्द सांगितला. हे ताटावरून तसेच उठले आणि घरोघर फिरून आले. पुढच्या रविवारी अकराही घरांतलं कुणी ना कुणी आलं होतं. हे म्हणाले, "गायक मंडळ आजपासून बंद. चूक माझी होती. मावशी, गाणं उचला."

"पाळकसाहेब, माझा सूर लई वर जातो की."

"जाऊ द्या. आम्ही येतो मागनं."

आणि मावशींनी उचललं! इतकं वर, की मीसुद्धा दुसऱ्या ओळीला खाली उतरले. शेजारून दानय्याकाकांची तेलुगू सुरू झाली. हे बेसूर गात होते आणि डोळे पुसत होते. इतकं वाईट गाणं मी नगरला कधी ऐकलं नव्हतं आणि इतका आनंदही मला तिथं कधी झाला नव्हता.

पुढच्या वर्षी पहिल्या बाळंतपणाला भाऊ मला माहेरी घेऊन गेला. रविवारी आपल्या चर्चमध्ये आईशेजारी बसले. पायपेटी वाजली, गायक मंडळ उभं राहिलं आणि मी सवयीनं मावशींच्या पट्टीत गळा मोकळा सोडला. पुढच्या तीन बाकांनी वळून पाहिलं. आईनं असा चिमटा काढला म्हणता! घरी परतताना मी विचारलं, "आई, मला घरी कधी पाठवणार?"

आई रस्त्यातच थांबली. "अगं, घरीच तर आलीयेस."

आता माझा मुलगा शाळेत जातो, घरात 'हाय की, न्हाय की' करतो आणि नगरहून तुमची पत्रं येतात, की बदली मागून घ्या, परत या. आईला त्या दिवशी जे सांगायचं राहिलं, ते आज तुम्हाला लिहिते. नगरला मी गायले म्हणून लोकांनी वळून पाहिलं. इथं मी गायले नाही, तर वळून पाहतात.