वैजूताईचा माणूस दारात उभा

रविवारची दुपार. पोटात जेवण जड झालंय, मांडीवर लॅपटॉप आहे, आणि डोळे मिटतायत, पण पुरते नाही. लॅपटॉपला जोडलेल्या बाहेरच्या ड्राइव्हमध्ये वैजूताईची फ्लॉपी आहे. पडद्यावर तिचा भुयारातला माणूस शेवटच्या दारापाशी उभा आहे. कॉलेजात असताना तिने खेळ तिथे सेव्ह केला, तो तसाच. ताई चैत्रात गेली. तेव्हापासून मी रोज खेळ उघडतो, माणसाला बघतो आणि बंद करतो. या खेळात पुढची खोली आली की जुनं सेव्ह पुसून नवं लिहिलं जातं. कॉपी काढता येते, तेवढं मलाही कळतं. पण कॉपीला ताईचा हात लागलेला नाही. मला अजून रडू आलेलं नाही. लोक म्हणतात, शशांक खंबीर आहे. खंबीर कसला, दगड झालाय.

"चप्पल काढ," ताई म्हणते.

मिरजेतल्या कॉम्प्युटर क्लासचं दार. आत एसी आहे, धूळ चालत नाही, म्हणून चपला बाहेर. ताई शाल पांघरून मशीनपुढे बसलीय. फरशी गारठलेली. तू इथे कशी, असं मी विचारत नाही. नवल वाटत नाही, आनंदही नाही.

"नवं मशीन फार पळतं गं," मी सांगतो. "खेळ सुरू केला की माणूस दिसायच्या आत मरायचा. वेग कमी करावा लागला."

"केलास ना? मग खेळ की. त्याला किती वर्षं उभं ठेवणार? पाय दुखले असतील बिचाऱ्याचे."

पडद्यावर हिरवी रेघ वरखाली होतेय. हा आयसीयू आहे. इथेही चपला बाहेर. ताई पलंगावर आहे, तीच शाल. नाकात नळी आहे, तरी बोलणं स्वच्छ.

"पुढे गेलो तर तुझं पुसलं जाईल."

"मी काय फ्लॉपीत राहते होय रे, शश्या?"

"मग कुठे?"

ती सरकून मला जागा करते, क्लासात एका खुर्चीवर दोघं बसायचो तशी. माझ्या हातावर हात ठेवते. हात गरम आहे, तापातला.

"उघड दार. मी बघते."

घरघर ऐकून मला जाग येते. ड्राइव्हचा दिवा लुकलुकतोय, फ्लॉपीवर काहीतरी लिहिलं जातंय. वायर उपटायला हात जातो आणि थांबतो. मधेच उपटली तर अख्खी फ्लॉपी जाईल. मग घरघरही थांबते.

माझं बोट अजून बटणावर दाबलेलं आहे. पडद्यावर दार नाही. माणूस आतल्या खोलीत उभा आहे, आणि खाली अक्षरं आलीयत: खेळ सेव्ह झाला.

मी ताईचं जुनं सेव्ह शोधतो. नाही. पुन्हा शोधतो. नाहीच.

या खोलीत ताई कधी पोचलीच नव्हती. इथे मी एकटा आहे. आणि मला रडू येतं.