रिकाम्या पातेल्याचा फोटो

आमच्या मोबाइलवरच्या प्रोग्रामात एक रकाना नाही. नवीन माणूस कामाला आला की पहिल्या दोन दिवसांत विचारतोच, "ताई, जेवणाऱ्यांचा फोटो कुठे टाकायचा?" मी सांगते, कुठेच नाही. काहींना वाटतं, या बाईला मोबाइल नीट जमत नसेल, म्हणून राहून गेला असेल. राहून गेलेला नाही. भांडून काढलेला आहे. त्या भांडणात पहिली चूक माझीच होती, म्हणून ते मीच सांगितलेलं बरं.

मी मुलुंडला राहते. पालिकेच्या पाणीखात्यात नोकरी केली आणि लोकांच्या तक्रारी ऐकून ऐकून तोंडाने फटकळ झाले. रिटायर झाल्यावर बायका देवळात जातात, मी लग्नाच्या हॉलांच्या मागच्या दाराशी जायला लागले. पुढच्या दारात गुलाबपाणी शिंपडतात, मागच्या दारात उरलेला पुलाव असतो. दुपारचं लग्न तीनपर्यंत आटपतं आणि आचाऱ्याला पातेली मोकळी करून घरी जायचं असतं. तिथून दहा मिनिटांवर पालिकेच्या हॉस्पिटलजवळ एक धर्मशाळा आहे. पेशंटांबरोबर गावाहून आलेली माणसं तिथे चहात बिस्किटं बुडवून दिवस काढतात. या दोन जागांच्या मधे फक्त एक रिक्षा हवी असते. आम्ही आठ-दहा जण ती रिक्षा झालो.

आमचा एक नियम पहिल्यापासून आहे. पातेलं उचलायच्या आधी नेणाऱ्याने त्यातला एक घास खायचा. आंबलेलं असेल तर आपल्या जिभेला कळू दे, दुसऱ्याच्या पोटाला नको.

सुरुवातीला सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर चालायचं आणि रोज वाट लागायची. एका हॉलला दोघं पोचायचे, दुसऱ्या हॉलचा भात तसाच आंबून जायचा. मग माझी गोराईची मैत्रीण धावून आली. ती ख्रिस्ती वाडीतली, घरचे अजून भाजीचे वाफे करतात, आणि ती स्वतः उभा जन्म कॉम्प्युटरवर कोड लिहीत आलेली. तिने एक प्रोग्राम शोधून काढला. कुठल्या तरी दूरदेशीच्या लोकांनी उरलेलं अन्न पोचवण्यासाठीच लिहिलेला, फुकट, आणि वर ओपन सोर्स.

"म्हणजे काय गं?" मी विचारलं.

"म्हणजे शिवलेला ब्लाउज आहे, पण आत भरपूर माया सोडलीय. नाही बसला तर उसवायचा आणि आपल्या मापाचा करायचा. कोणी ओरडणार नाही."

तिच्या ओट्यावर बसून आम्ही दोघींनी तो मराठीत आणला. अन्न कोणाचं, किती माणसांपुरतं, कधी शिजवलं, कोण नेणार. शेवटी एक रकाना आला, त्यावर लाल चांदणी. लाभार्थ्याचा फोटो. तो टाकल्याशिवाय नोंद पुरी होतच नव्हती.

"हा काढ," मी म्हटलं.

"का?"

मग तिला सांगावं लागलं. मी विक्रोळीच्या चाळीत वाढले. वडील ज्या कारखान्यात होते तिथे टाळेबंदी झाली, आणि चौथ्या महिन्यात एका मंडळाने चाळीतल्या बायकांना धान्य वाटलं. स्टेज बांधलं होतं. पिशवीच्या एका बंदावर पाहुण्यांचा हात, दुसऱ्या बंदावर माझ्या आईचा. फोटोवाला म्हणाला, बाई, इकडे बघा. आईने पदर पुढे ओढला आणि खाली बघितलं. तो फोटो नाक्यावरच्या काचेच्या फळ्यात लागला, दुधाच्या केंद्राशेजारी. पुढे कारखाना उघडला, वडील कामावर गेले, घरात पुन्हा सणवार झाले, तरी फोटो तिथेच. आई दूध आणायला लांबच्या नाक्यावर जायची. ते धान्य आम्हाला तीन आठवडे पुरलं. फोटो दोन पावसाळे पुरला.

मैत्रिणीने ऐकून घेतलं. म्हणाली, "ठीक आहे, पण काहीतरी पुरावा लागेल. कोणी नाल्यात ओतून आलं तर आपल्याला कसं कळणार?"

"रिकाम्या पातेल्याचा फोटो काढू. माणसं जेवली की पातेलं सांगतंच."

तिने तिथल्या तिथे रकान्याचं नाव बदललं. तेव्हापासून नोंद पुरी झाली की दात्याच्या फोनवर 'पोचलं' असा मेसेज आणि सोबत घासूनपुसून स्वच्छ झालेल्या पातेल्याचा फोटो जायला लागला. बरेच दिवस छान चाललं.

त्या धर्मशाळेत एक शिंपी आला होता, जालन्याकडचा. बायकोच्या मणक्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, नंबर लागेपर्यंत थांबणं भाग होतं. पहिल्या दिवशी त्याने ताट घेतलं नाही. "फुकटचं कसं खावं, ताई?" म्हणाला. मी म्हटलं, "फुकटचं नाही, उरलेलं आहे. मी आत्ताच यातलं खाऊन आलेय, बघा, जिवंत आहे." तो हसला आणि बसला. जेवण झाल्यावर पातेलं स्वतःकडे ओढून नळावर घासायला नेलं. दुसऱ्या दिवशी आमच्या पिशव्यांच्या तुटलेल्या चेना बघितल्या आणि सगळ्या शिवून दिल्या. त्याच्या पिशवीत मोठी कात्री, सुया आणि चॉक कायम असायचं. तेव्हापासून पातेलं त्याचं झालं. सगळ्यांचं झाल्यावर तळाची खरवड बोटांनी काढून खायची, मग घासायचं. खरवडीवर दुसऱ्या कोणी हक्क सांगितलेला त्याला खपायचा नाही.

एका दुपारी मला घाई होती. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, दुसऱ्या हॉलचा फोन वाजत होता. मी मोबाइल काढला, पातेल्यावर धरला, दाबलं, पाठवून दिलं. बघितलंसुद्धा नाही. पातेल्याच्या मागे तो बसला होता, बोटं खरवडीत, आणि तोंड नेमकं माझ्याकडे वर केलेलं.

आठवड्याभराने मी गेले तर तो पंगतीत नव्हता. भिंतीकडे तोंड करून बसला होता. मला वाटलं, बायकोचं काही झालं. जवळ गेले तर हळू आवाजात म्हणाला, "ताई, औषध आणाया गेलतो. मोठ्या रस्त्याच्या हालवर माझा फोटू लावलाय."

मी म्हटलं, कसला फोटो, आणि विचारतानाच मला कळलं.

"लेकीची सोयरीक ठरलीया. व्याह्यांचा भाऊ हितंच भांडुपला ऱ्हातो. त्यांना म्या सांगितलंय, ममईत मावसभावाकडं उतरलोय म्हणून. त्यो रोज त्याच रस्त्यानं कामाला जातो. तुमास्नी बोल लावत न्हाई. पण पोरीला काय सांगू?"

त्याने बोल लावला असता तर बरं झालं असतं. मला माझी इतकी लाज वाटली की बसवेना. आईचा फोटो काढणाऱ्या त्या माणसाला मी जन्मभर शिव्या घातल्या होत्या. आज त्याच्या जागी मीच होते, आणि मी तर इकडे बघा असंही म्हटलं नव्हतं.

हॉलवाल्यांना फोन केला असता तर 'बघतो' म्हणाले असते, आणि बघता बघता आणखी चार दिवस गेले असते. मी शिंप्याला म्हटलं, "तुमची कात्री द्या." त्याने काही न विचारता दिली.

हॉलच्या गेटवर खरोखरच तो होता, फ्लेक्सवर, माझ्या दीडपट उंच. वर लिहिलेलं, अन्नदान श्रेष्ठ दान, खाली हॉलचं नाव, आणि मधे तो खरवड काढताना. रस्त्यावरच्या बसमधून वाचता येईल असा. मी वॉचमनची खुर्ची ओढली आणि वर चढले.

"ओ मावशी, काय करताय?"

"उतरवतेय."

"अहो, साहेबांना विचारा ना!"

"साहेबांनी ज्याला विचारायचं त्याला विचारलं का?"

शिंप्याची कात्री धारेला चांगली होती. चारही दोऱ्या चार झटक्यांत तुटल्या. फ्लेक्स माझ्याच अंगावर कोसळला, मी त्यातून बाहेर आले आणि चेहरा आत जाईल अशी त्याची घडी घालायला लागले. एवढ्यात मालक बाहेर आले. माणूस सभ्य, आवाज न चढवता बोलणारा. त्यांचे तीन हॉल आमच्याकडे होते, म्हणजे आमचं निम्म्याहून जास्त जेवण.

"मॅडम, चांगल्या कामाचाच फोटो होता. लोकांनी बघितलं तर आणखी चार जण अन्न देतील. यात वाईट काय?"

"काही नाही. मग तुमच्या आचाऱ्याचा लावा. तुमचा लावा, हात जोडून. जेवलेल्या माणसाने जेवणाच्या बदल्यात तोंड विकलेलं नाही."

"तुम्हीच पाठवलात ना फोटो?"

"हो. गाढवपणा माझा. म्हणून उतरवायलाही मीच आलेय."

मग ते म्हणाले, "पातेल्यांचे फोटो बघून मला काय करायचंय? यापुढे माणसांचे फोटो येणार असतील तर जेवण मिळेल. नाहीतर तिन्ही हॉल बंद."

साठ ताटं माझ्या डोळ्यांपुढे आली. विचारून सांगते म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "बंद करा," आणि फ्लेक्स काखेत मारून निघाले.

संध्याकाळी मैत्रिणीने फोनवर माझी खरडपट्टी काढली. "अगं यार, कमाल करतेस! साठ माणसांचं जेवण तू एकटीने नाकारलंस? भूक त्यांची आणि मान तुझी?"

तिचं खरं होतं. मला भयंकर राग आला, कारण खरं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी धर्मशाळेत उभी राहिले आणि काही न लपवता सांगितलं. फोटो दिले तर पुलाव चालू, नाहीतर आजपासून जेवण कमी पडेल. मी रागात नाही म्हणून आलेय, पण अजून जाऊन माफी मागता येईल. तुम्ही सांगाल तसं.

शिंपी खाली बघत होता. मग बीडकडची एक बाई, जिचा नवरा महिनाभर वॉर्डात होता, पदर खोचत उठली. "पुलावाचं काय एवढं? पिठलं-भात खाऊ. शेगडी हाय का कुणाकडं?"

बाकीचे हसायला लागले आणि ठरलं.

पुढचे कितीतरी दिवस पिठलं-भात झाला, आमटी-भात झाला, एकदा नुसता भात आणि लोणचं. आमच्यातल्या प्रत्येकाने घरून एक डबा जास्तीचा आणला. मैत्रीण गोराईहून लाल माठ आणि वांगी पोत्यात भरून आणायची आणि मला ऐकवत ऐकवत निवडायची. दिवस सोपे नव्हते. काही वेळा भात कमी पडला आणि माणसांनी अर्ध्या ताटावर हात धुतले. पण एकानेही मला जाऊन माफी मागा म्हटलं नाही. फ्लेक्सचं शिंप्याने काय केलं तर स्वतःचा चेहरा कापून त्याचे बारीक तुकडे केले, आणि उरलेल्याचं पातेल्यांवर टाकायचं दुहेरी झाकण शिवलं, छापील बाजू आत.

आणि मैत्रिणीने तो रकाना मुळापासून काढला. पातेल्याचासुद्धा नको, म्हणाली, तुझ्यासारखी घाईतली माणसं जगात खूप असतील. आता तिथे फक्त प्रश्न आहे, पातेलं रिकामं झालं का. हो म्हणायचं नाहीतर नाही म्हणायचं. तेवढ्यावर विश्वास नसेल त्याने आमच्याबरोबर रिक्षात बसावं. हा बदल तिने मूळ प्रोग्राम लिहिणाऱ्यांना परत पाठवला, का केला तेही लिहिलं. त्यांनी तो घेतला. आता जगात कोणीही तो प्रोग्राम लावला तर त्याला फोटोशिवाय चालवता येतो. विक्रोळीच्या नाक्यावरच्या फोटोत खाली बघून उभ्या राहिलेल्या एका बाईमुळे, हे त्यांना माहीत नाही.

हळूहळू दुसरे हॉल आले, दोन ऑफिसांची कँटीनं आली. ते मालक अजून रुसलेले आहेत. रुसू देत.

शिंप्याच्या बायकोचं ऑपरेशन झालं, ती काठी घेऊन चालायला लागली आणि ती दोघं गावी गेली. नंतर काही महिने काही कळलं नाही. मग एका दुपारी फोन आला. मागे सनई वाजत होती.

"ताई, लेकीचं लगीन लागलं. चांगलं झालं समदं. पर लई उरलंय, शंभरेक माणसाचं. आमचं गाव तुमच्या त्या पोग्रामात येतंय का?"

आमचा नकाशा ठाण्याच्या अलीकडेच संपतो. मी म्हटलं, "नाही हो. तुमच्याकडे कोणी आहे का, ज्यांना लागेल?"

"हायेत की. रस्त्याच्या कामावरची माणसं उतरल्यात वढ्याच्या पल्याड."

"मग न्या. पण आधी..."

"घास खाल्ला," तो म्हणाला. "येकदम झकास हाय."

दिवस मावळायच्या सुमारास माझ्या फोनवर एक फोटो आला. मी मागितला नव्हता, आता कोणी मागतही नाही. मातीत ठेवलेलं एक मोठं पातेलं, घासून लख्ख केलेलं. आजूबाजूला माणूस नाही, हात नाही, पाय नाही. काढणाऱ्याची सावलीसुद्धा त्याने पडू दिली नव्हती.

माझ्याकडेच राहणारी आई शेजारी बसली होती. तिला आता बारीक दिसत नाही. तिने फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ बघत राहिली.

"कोण आहे गं यात?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "शंभर माणसं जेवली."

"बरं झालं," आई म्हणाली, आणि फोन मला परत दिला.