राधाकिशन फिटर आणि बंगल्यातली गळती

राधाकिशनला गळती सापडली नाही असं मी कधी पाहिलं नाही. आमच्या सहकारी साखर कारखान्यात तो बावीस वर्षं फिटर होता आणि मी टाइम ऑफिसात. वाफेचा पाइप कुठे फुसफुसतोय हे त्याला लांबून, नुसत्या आवाजावरून कळायचं. पण त्याला एक खोड होती. नट आवळून तो गप्प बसायचा नाही. गळती कशानं झाली, कुणाच्या हातून झाली, हे चारचौघांत मोठ्यानं सांगितल्याशिवाय त्याचं काम संपायचं नाही. कारखान्यात दंडकच होता तसा: आधी कारण सांगा, मग पाळी सोडा. पुढे दुष्काळात उसाचं टिपरू मिळेना, कारखाना बंद पडला. खोड तेवढी राहिली. त्या खोडीनं एका बाईच्या घरचं पाणी तोडलं, आणि त्याला तिथे नेणारा शहाणा मीच.

दोन हजार सोळाचा उन्हाळा. शिरूर कासारला आमच्या गल्लीत टँकर आठ-आठ दिवसांनी यायचा. कारखान्याच्या एका माजी संचालकांच्या बंगल्यातलं बोअर मात्र अजून चालू होतं. नवरा-बायको आणि म्हातारी आई, एवढीच तिथे माणसं. पुण्याच्या मुलानं आपल्या आईला, म्हणजे संचालकांच्या बायकोला, गीताबाईंना, भांडी धुवायचं मशीन पाठवलं. हातानं घासण्यापेक्षा याला पाणी कमी लागतं म्हणे. खरंही असेल, मी नाही म्हणत नाही.

त्या घरी भांडी घासायची बायडाबाई, आमच्याच गल्लीच्या टोकाला राहणारी. तिचा नवरा सिदू मेंढरं घेऊन पैठणच्या अंगाला गेलेला. घरी अंथरुणाला खिळलेली सासू आणि दोन गाभण शेळ्या. सरकारी चारा-छावणीत गाई-म्हशी घ्यायचे, शेळ्यांना तिथे कोण विचारतो? भांडी विसळल्याचं शेवटचं पाणी घासणारीनं घरी न्यायचं, असा त्या घरचा न बोलता चालत आलेला रिवाज. त्या एका घागरीवर शेळ्या तगून होत्या. मशीन आलं आणि ते पाणी नळीवाटे थेट गटारात जायला लागलं. बायडाबाईकडे झाडलोट, धुणं राहिलं. घागर गेली.

तरी पुढे महिनाभर संध्याकाळी ती भरली घागर घेऊन जाताना मला दिसायची. मी विचारलं नाही. दिवसच असे होते की दुसऱ्याच्या डोक्यावरच्या घागरीची चौकशी करायची लाज वाटावी.

मग एकदा सासूचं दुखणं जास्त झालं म्हणून बायडाबाई दोन दिवस कामावर गेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गीताबाईंच्या स्वयंपाकघरात पाणीच पाणी. कंपनीचा माणूस औरंगाबादहून यायला आठवडा लागणार होता. त्यांनी मला फोन केला, "तुमच्या कारखान्यातला कुणी जाणता माणूस आहे का हो?" मी छाती फुगवून राधाकिशनचं नाव सांगितलं.

बायडाबाई कामावर परतली त्याच दिवशी आम्ही गेलो. राधाकिशन मशीनभोवती एक चक्कर मारून मला हळूच म्हणाला, "तीन मानसांच्या ताटवाट्यांना एवढं मोठं धूड?" मग मात्र तो कामाला लागला. मशीन पुढे ओढलं, खालची फरशी फडक्यानं कोरडी केली आणि गीताबाईंकडे रांगोळी मागितली. त्यांना वाटलं पूजा घालतोय की काय! त्यानं ती मशीनखाली आणि मागे पातळ पसरली आणि उकिडवा बसून राहिला. थोड्या वेळानं मागच्या बाजूला रांगोळीवर एक काळपट ठिपका उमटला. मग त्याच्यावरच दुसरा. त्यानं थेंब बोटावर घेतला, चोळला, हुंगला.

"बुळबुळ न्हाई. साबणाचं पाणी न्हाई हे. म्हंजे दाराचं रबर चांगलं हाय, सांडपाण्याची नळीबी चांगली हाय. नळाचं पाणी मशीनीत शिरतंय ना, त्या तोंडाला गळतंय."

बायडाबाई दारात ओलं फडकं घेऊन उभी होती. तिची नजर राधाकिशनच्या हातांवर खिळलेली. तिचा चेहरा पाहिला आणि महिनाभर ती घागर कुठून भरत होती, ते मला तिथल्या तिथे उमगलं.

"असू दे राधाकिशन," मी म्हणालो, "आवळून टाक आन् चल."

"थांब बे. कारण नको का?" त्यानं बॅटरीचा उजेड नटावर धरला. "हे बघा बाईसाहेब. पकडीच्या दातांचे वळ. ताजे हायेत. नट आपोआप ढिला झालेला न्हाई. कुणीतरी अर्धा आटा सोडवलाय, मुद्दाम. खाली परात सारली तर दिवसाला घागरभर पाणी सहज जमतंय, न्हाई सारली तर हे असं फरशीवर."

एवढं बोलून त्यानं नवा वायसर घातला, नट आवळला आणि मशीन दोनदा चालवून दाखवलं. रांगोळी कोरडीच राहिली. त्यानं खूश होऊन मान वर केली.

गीताबाई बायडाबाईकडे वळल्या. "मागितलं असतंस तर दिलं नसतं का गं?"

"मागितलं व्हतं, बाईसाहेब. मशीन आलं त्याच दिशी."

गीताबाईंचा चेहरा उतरला. आठवलं असावं त्यांना. पण चूक आठवली की माणूस नरमतोच असं थोडंच आहे? "उद्यापासून येऊ नकोस," एवढंच त्या म्हणाल्या.

रस्त्यात मी राधाकिशनला शेळ्यांचं सगळं सांगितलं. तो भर उन्हात थांबला. "आधी कावून न्हाई सांगितलंस?" तो माझ्यावर खेकसला. काय सांगणार? संचालकांच्या घरात माझी जीभ उचलली नाही, हेच खरं.

सहाव्या दिवशी टँकर आला. राधाकिशननं त्याच्या वाट्याच्या दोन घागरी सायकलला बांधल्या आणि मला बोलावून घेतलं. बायडाबाई उंबऱ्यात ज्वारी निवडत होती. मागचे दोन्ही खुंटे मोकळे होते.

"शेळ्या काल बाजारात गेल्या, भाऊ," ती म्हणाली. "पाणी माघारी न्या. तुमच्या घरी लेकरं हायेत. लई उन्हाचं आलाव, बसा."

ती आत गेली. हंड्याच्या तळाशी तांब्या खरवडल्याचा आवाज आम्हाला बाहेर ऐकू आला. तिनं तांब्या राधाकिशनपुढे धरला. तो नको नको म्हणत राहिला, ती धरून राहिली. घरी आलेल्याला कोरडं कसं पाठवायचं, म्हणाली.

राधाकिशन प्यायला. उरलेलं मी प्यालो. मग भरल्या घागरी घेऊन आम्ही परत आलो.