हाड बसलं होतं
केळीच्या चिकाचा तुरट वास आला की रावेरचं आमचं शेत आठवतं. तिथेच केळीने भरलेली ट्रॉली उलटून थोरल्या भावाची नडगी मोडली, हाड कातडी फाडून बाहेर आलं. घड कापणाऱ्यांनी रक्त थांबावं म्हणून काळजीने जखमेवर चीक पिळला, हाडवैद्याने पाय ओढून हाड आत बसवलं. "बसलं हाड, आता पोऱ्या चालीन," म्हणत आईने सगळ्यांना चहा पाजला. काही दिवसांनी पाय काळा पडल्यावर जळगाव गाठलं. डॉक्टर म्हणाले, "हाडाबरोबर मातीही आत गेली. अँटिबायोटिकचं इंजेक्शन त्याच दिवशी, लगेच हवं होतं." पाय कापूनही भाऊ वाचला नाही. आई अजून विचारते, "हाड तं बसलं व्हतं ना रे?" मी दरवेळी हो म्हणतो.