अजून चालत नाही

चाकणच्या कंपन्यांत कामाला जाणाऱ्या बायकांची मुलं मी माझ्या दोन खोल्यांत सांभाळायचे, तेव्हा माझा एक नियम होता. मूल पहिल्यांदा काही बोललं, पहिलं पाऊल टाकलं, तर ते आईला सांगायचं नाही. संध्याकाळी ती न्यायला आली की ‘न्हाई बाई, अजून न्हाई’ म्हणायचं. दोन-चार दिवसांत मूल घरी तेच करायचं आणि सकाळी आई गल्लीतूनच ओरडत यायची, “मावशी, चालला!” मीही तोंडावर हात ठेवून नवल करायचे. नाटकं करायला मी पहिल्यापासून हुशार. पण खरं सांगते, सगळ्यांच्या आधी मी बघितलं, याचा मला आतून माजही होता.

त्या आयांत लातूरकडची एक पोरगी होती. कंपनीत लाइनवर दिवसभर उभी असायची, वर ओव्हरटाइम. तिचं लेकरू एका दुपारी पिठाचा डबा सोडून चार पावलं टाकत आलं आणि माझ्या पदराला लटकलं. संध्याकाळी मी नेहमीसारखं म्हणाले, “अजून न्हाई.”

पण हे लेकरू घरी चालेचना. आई दिसली की ते कडेवरून उतरायलाच तयार नसे. सुट्टीच्या दिवशी तर दिवसभर तिला चिकटलेलं. आठवडे गेले. माझ्याकडे ते घरभर दुडदुडायचं आणि तिकडे त्याची आई शिफ्टला जायच्या आधी उठून त्याच्या पायांना तेल चोळायची. आठवडी बाजारातून तिनं पांगुळगाडा आणला आणि माझ्याकडे देत म्हणाली, “मावशी, दिवसा ह्याला धरून थोडं चालवा की.” मी मुकाट्यानं गाडा घेतला. तेव्हा तरी तोंड उघडायचं! पण इतके दिवस लपवलं म्हटल्यावर बाकीच्या आया काय म्हणतील, मला त्याचंच पडलं होतं.

मग एका संध्याकाळी ती रडतच आली. गावाकडून सासूबाई निघाल्या होत्या. “म्हणत्यात, आईचं ध्यान न्हाई म्हणून लेकरू चालंना. घेऊन जायला येत्यात त्याला.”

“अगं, चालतो तो,” मी म्हणाले. “लई दिस झालं, चालतोय.”

ती डोळे पुसून म्हणाली, “राहू द्या मावशी. मला बरं वाटावं म्हणून बोलताय.”

तिच्या कडेवर बसलेल्या लेकराला मी ओढून घेतलं आणि जमिनीवर उभं करायला गेले. त्यानं पाय पोटाशी घेतले. मी लांब बसून हात पसरले, टाळ्या वाजवल्या, शेवटी चक्क ओरडले. ते भोकाड पसरून आईकडे रांगत गेलं. तिनं त्याला उचललं आणि म्हणाली, “नका त्याला त्रास देऊ.”

दोन दिवसांनी सासूबाई त्याला घेऊन गेल्या.

पुढच्या आठवड्यात ती एकटीच आली आणि उंबऱ्यावर बसली. गावाहून फोन आला होता. लेकरू पहिल्याच दिवशी अंगणभर चालत सुटलं होतं आणि त्याच्या आईला त्याची काही पडलेली नाही, हे सासूबाईंनी गावभर केलं होतं. आता ते तिकडेच राहणार होतं.

“तुम्ही खरंच सांगत होता,” ती म्हणाली. तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी मान खाली घालून मुलांच्या वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत राहिले. मग तिनं विचारलं, “पहिल्यांदा कुणाकडं चालत गेला, मावशी?”

“दाराकडं,” मी म्हणाले. “तुझी यायची येळ झाली हुती ना.”

ती एवढंसं हसली आणि मग ओढणीत तोंड खुपसून रडायला लागली.